घाटाची चढण आणि सायकलीचे दात

सायकलीवरून घाट चढवत नाही अशी तक्रार घेऊन कोणी आमच्याकडे आले, की आम्ही त्यांचे वय विचारीत नाही, आहार विचारीत नाही, व्यायामाचीही चौकशी करीत नाही. आम्ही एवढेच विचारतो, की तुमच्या सायकलीच्या मागच्या चक्राला दात किती आहेत? शंभरांतल्या नव्वदांना ते सांगता येत नाही. सायकलीची किंमत तोंडपाठ असते, वजन ठाऊक असते, रंग तर अर्थातच. परंतु ज्या आकड्यावर गुडघ्याचे सुखदुःख अवलंबून आहे तो आकडा कोणी मोजलेला नसतो. आजचे बोलणे या एका आकड्याविषयी आहे.

येडगावसारख्या गावात हा विषय काढण्याला एक कारण आहे. आपण पठारावर राहतो. मुंबईचा किंवा कल्याणचा सायकलस्वार माळशेजला येतो तेव्हा सकाळच्या थंड वेळी, ताज्या पायांनी घाट चढतो आणि परतताना उतारावरून आरामात घरंगळत जातो. आपले नेमके उलटे आहे. आपण येडगावाहून निघून ओझर, ओतूर, डिंगोरे, मढ असे करीत, पिंपळगाव जोग्याचा जलाशय पाहत माळशेजच्या माथ्यावर पोहोचतो. तिथवरचा रस्ता लहानसहान चढउतारांचा. मग घाट सुरू होतो तो खाली जाणारा. मोरोशी, टोकावडे केव्हा आले ते कळतही नाही. आणि परतीच्या वाटेवर, ऊन डोक्यावरून पश्चिमेला कलले असताना, पाय निम्मे संपलेले असताना घाट समोर उभा राहतो. सह्याद्रीचा हा कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दुपारनंतरचे सगळे ऊन त्याच्या अंगावर, म्हणजे आपल्या पाठीवर पडते. पठारावरच्या माणसाला चढ नेहमी शेवटी येतो. तेव्हा त्याने सायकलीचे गिअर निवडायचे ते सकाळच्या पायांसाठी नव्हे, संध्याकाळच्या पायांसाठी. आमच्या सांगण्याचा सगळा गाभा एवढाच आहे. पुढे जे आहे ते त्याची फोड आहे.

गिअर म्हणजे नेमके काय हे समजावून घ्यायला पुस्तक लागत नाही. आपल्या भागात विजेचे पंप येण्यापूर्वी विहिरीवर मोटा चालत. आमच्या वयाच्या मंडळींना मोटेचा कुरकुराट अजून आठवत असेल. बैलजोडी दुबळी असली तर शहाणा शेतकरी काय करी? तो बैलांना जास्त मारी का? नाही. तो मोट लहान बांधी. लहान मोटेने खेपा जास्त होतात, परंतु बैल दिवसभर टिकतो, आणि विहिरीतून वर यायचे ते पाणी तेवढेच वर येते. पाण्याला वर यायला किती श्रम लागावेत हे विहिरीची खोली ठरवते. तो श्रम किती घासांत गिळायचा हे मोट ठरवते.

सायकलीचा गिअर ही मोट आहे. घाटाची उंची ही विहिरीची खोली. तुम्ही कोणत्याही गिअरमध्ये चढा, तुमचे आणि सायकलीचे वजन तितकेच मीटर वर न्यायचे आहे. त्यात एका पैचीही सूट नाही. फक्त पायडलच्या एका फेऱ्यात त्या श्रमाचा केवढा तुकडा उचलायचा, एवढेच गिअरच्या हाती आहे. ‘हलका गिअर म्हणजे आळशी माणसाचा गिअर’ ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. हलक्या गिअरमध्ये काम कमी होत नाही. गुडघा मात्र वाचतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. घाटरस्त्याची वळणे हाही गिअरच आहे. जुन्नरजवळचा नाणेघाट पाहा. सातवाहनांच्या काळापासून वाहता असलेला हा मार्ग डोंगराच्या खिंडीतून जवळजवळ सरळ उतरतो. पायी माणसाला आणि ओझ्याच्या जनावराला ते चालले, कारण पाऊल लहान टाकता येते. चाकाला पाऊल नसते. म्हणून चाकांची वाहतूक आली तशी डोंगराच्या अंगावरून लांब लांब वळसे घेणारे रस्ते आले. उंची तीच, अंतर वाढवले आणि चढ सौम्य केला. आगगाडीला तर रस्त्याचा चढही झेपत नाही. १८६३ साली पुरा झालेला बोरघाटाचा लोहमार्ग पंधरा मैलांहून थोडा अधिक लांबीत १,८३१ फूट चढतो. त्याचा सरासरी चढ ४६ फुटांना एक फूट आणि सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना एक फूट. इतके सौम्य करूनही तिथे गाडीला जादा इंजिने जोडावी लागत आली आहेत. इंजिनिअरने जमिनीवर जेवढा गिअर घालून दिला तो पुरत नाही तिथे उरलेला आपल्याला सायकलीवर घेऊन जावा लागतो.

आता आकडे. इंडियन रोड्स काँग्रेसने घाटातल्या रस्त्यांसाठी जे दंडक घालून दिले आहेत त्यांप्रमाणे डोंगराळ मुलखात नेहमीचा चढ शेकडा ५ ते ६ ठेवायचा असतो, आणि नाइलाज झाला तर शेकडा ७ ते ८ पर्यंत जायचे. शेकडा ६ म्हणजे शंभर मीटर चालल्यावर सहा मीटर वर. राज्यमार्गावरच्या आणि राष्ट्रीय महामार्गावरच्या घाटांना हे बहुतेक लागू पडते. गडावर, देवस्थानाला किंवा डोंगरातल्या वाडीला जाणारे रस्ते हा दंडक पाळतीलच असे नाही; तिथे शेकडा १०-१२ चा तुकडाही अचानक पुढ्यात येतो.

आपली नेहमीची काळी, उंच, दणकट सायकल घेऊ. तिच्या पुढच्या चेनव्हीलला ४४ दात आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दात आहेत असे धरू. (प्रत्येकाने आपली सायकल मोजून पाहावी, दोनचार दातांचा फरक असतो.) ४४ ला १८ ने भागले की सुमारे २.४४ येतात. म्हणजे पायडल एकदा फिरले की चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते, आणि २८ इंची चाकाला त्या एका फेऱ्यात साडेपाच मीटरच्या जवळपास जमीन मागे पडते. सपाटीला हे उत्तम. बाजाराला जाणाऱ्या, शाळेला जाणाऱ्या माणसाला याहून चांगले काही नको.

आता हीच सायकल शेकडा ६ च्या चढावर आणू. स्वार ६५ किलोंचा, सायकल आणि सामान मिळून २०, एकूण ८५ किलो. चढ मागे ओढतो ते ८५ चे शेकडा ६, म्हणजे ५.१ किलो. टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाचे पाऊण किलो त्यात मिळवा. सगळे सहा किलोंच्या आत. एवढ्याशा ओढीने माणूस का दमावा? कारण ही ओढ चाकाच्या कडेवर आहे. पायडल एका फेऱ्यात जेमतेम एक मीटर सात सेंटिमीटर फिरते आणि तेवढ्या वेळात सायकल साडेपाच मीटर जाते. तेव्हा पायावर ती ओढ पाचपट होऊन येते. हिशेब सुमारे ३० किलोंचा होतो. तोही सरासरीचा. पायडल अगदी वर आणि अगदी खाली असताना पाय काहीच ढकलू शकत नाही, म्हणून मधल्या टप्प्यात हा जोर दीडपट, पंचेचाळीस किलोंवर जातो. चढ शेकडा १० झाला तर मधल्या टप्प्यातला जोर सत्तर किलोंच्या पुढे, म्हणजे स्वाराच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त होतो. तेव्हा निव्वळ पायडलवर उभे राहून भागत नाही, हँडल हातांनी वर ओढावे लागते. हे दृश्य आपण सर्वांनी पाहिलेले आहे, आणि पुष्कळांनी अनुभवलेलेही.

पायडलवर उभे राहणे वाईट नव्हे. मोटेचा बैल धावेच्या उतारावरून खाली येताना आपले वजनच ओढीला लावतो, तसेच ते आहे. परंतु बैलाला दर खेपेनंतर मागे सरताना विसावा मिळे. घाटात तास-दीड तास उभ्याने पायडल मारणाऱ्याला तो मिळत नाही.

जोराचा हिशेब झाला, आता दमाचा. निरोगी, रोज थोडेफार सायकल चालवणारा परंतु पहिलवान नव्हे असा माणूस तासन्‌तास टिकेल अशी शक्ती किती देऊ शकतो? साधारणपणे एका अश्वशक्तीचा सातवा हिस्सा धरावा. विहिरीवरचा पाच अश्वशक्तीचा पंप चालवायला असे पस्तीस सायकलस्वार लागतील. आपल्या देहाविषयी नम्रता यायला हा आकडा पुरे आहे. या सातव्या हिश्श्याने ८५ किलोंचे ओझे शेकडा ६ च्या चढावर ताशी पावणेसात किलोमीटरच्या गतीने जाते, आणि शेकडा ८ वर ताशी सव्वापाचच्या. यापेक्षा जास्त वेगाने चढणारा माणूस पुढच्या वळणासाठी ठेवलेले आताच खर्च करीत असतो.

ताशी पावणेसातच्या गतीला आपली ४४-१८ ची सायकल मिनिटाला फक्त एकवीस फेरे मागते. एकवीस! मनगटावरचे घड्याळ पाहून एकदा तसे फेरे मारून पाहा. प्रत्येक फेऱ्यात पाय जणू चिखलातून उपसावा लागतो. चढावर गुडघ्याला आणि श्वासाला मानवणारी गती मिनिटाला साठ ते सत्तर-ऐंशी फेऱ्यांची आहे. त्याहून फार जास्त फेरेही उपयोगाचे नाहीत, कारण रिकामा पाय फिरवण्यातही शक्ती जाते. मोट फारच लहान केली तर बैलाचे सगळे बळ चालण्यातच खर्च व्हायचे, तसे ते होते.

साठ फेरे मिळवायचे तर एका फेऱ्यात किती जमीन मागे पडावी? शेकडा ६ ला सुमारे एक मीटर नव्वद सेंटिमीटर, शेकडा ८ ला जवळजवळ दीड मीटर. पुढे ३४ आणि मागे ३४ दात असले, म्हणजे प्रमाण बरोबरीचे असले, तर आजच्या सडपातळ चाकाच्या सायकलीला एका फेऱ्यात २.१ मीटर पडतात. पुढे २८, मागे ३४ असले तर १.७ मीटर. पुढे २४, मागे ३४ असले तर दीड मीटर. आपल्या सर्वसाधारण स्वाराला सामानासह माळशेजसारखा घाट शेवटच्या तासात चढायचा असेल तर त्याला या शेवटच्या दोहोंपैकी एक हवा. बरोबरीचे प्रमाण त्याला सौम्य चढावर कसेबसे चालेल, तीव्र तुकड्यावर मात्र चाळीस फेऱ्यांवर येऊन तो कण्हू लागेल. तरुण, सरावाचा, पाव अश्वशक्ती तासभर देऊ शकणारा स्वार मात्र बरोबरीच्या प्रमाणात शेकडा ८ सुद्धा सत्तर फेऱ्यांनी चढतो. एकाच घाटाला दोन माणसांना दोन वेगळे गिअर लागतात, आणि दोघांचेही बरोबर असते.

मग हलके करीतच का जाऊ नये? कारण सायकल तोल राखते ती चालण्यामुळे. ताशी चार-साडेचारच्या खाली ती लटपटू लागते, आणि घाटात शेजारून मालमोटारी जात असताना लटपटणे परवडणारे नाही. शेकडा १० च्या चढावर आपल्या स्वाराची गती जवळपास तेवढीच होते. तिथे उतरून चालावे. चढ आडवा कापत नागमोडी जाण्याची युक्ती मोकळ्या वाडीच्या रस्त्यावर ठीक आहे, राष्ट्रीय महामार्गावर ती जिवावरची आहे.

चालण्यात कमीपणा मानणारांना आम्ही एक जुनी गोष्ट सांगतो. फ्रान्सची प्रदक्षिणा करणारी ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत १९०३ साली आंरी देग्रांज या संपादकाने सुरू केली. १९१० साली ती प्रथम पिरेनीज पर्वतातल्या तुरमाले या दोन हजार मीटरहून उंच खिंडीतून नेण्यात आली. त्या वर्षीचा विजेता ओक्ताव लापीझ याने त्या चढाचा काही भाग सायकल ढकलत पार केला होता. तो जगातल्या उत्तम सायकलपटूंपैकी एक होता. त्याच्याजवळ हलका गिअर नव्हता, एवढेच. या देग्रांजसाहेबांचा गिअर बदलण्याच्या यंत्राला कडवा विरोध होता. पुरुषार्थाची कसोटी स्नायूंनी लागावी, यंत्राच्या युक्तीने नव्हे, असे त्यांचे मत. त्यामुळे कित्येक वर्षे स्वार मागच्या चाकाला दोन बाजूंनी दोन वेगळी चक्रे लावीत, आणि घाटाच्या पायथ्याशी उतरून, चाक काढून, उलटे बसवून पुन्हा निघत. चेन सरकवून गिअर बदलण्याची मुभा या शर्यतीत १९३७ साली मिळाली.

त्याच देशात त्याच काळात दुसरा एक माणूस उलट बाजूने बोलत होता. पॉल द व्हिव्ही असे त्याचे नाव. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने तो लिही. १८५३ साली जन्मलेला हा गृहस्थ सेंत एतियेन या डोंगराळ गावी राहून सायकलीविषयी मासिक चालवी आणि स्वतः म्हातारपणापर्यंत घाट चढत असे. शर्यतीचे वेड त्याला नव्हते. लांबच्या प्रवासाला निघालेल्या साध्या माणसासाठी एकाहून जास्त गिअर हवेत, हे तो वर्षानुवर्षे सांगत राहिला. भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे आणि ऐटीसाठी पायडल मारू नये, अशा अर्थाचा त्याचा उपदेश प्रसिद्ध आहे. शर्यतवाल्यांचा मान मोठा, परंतु शेवटी जग व्हेलोसिओच्या वाटेने गेले. आमच्या मते देग्रांजसाहेब मात्र पुरते हरलेले नाहीत. आजही सायकलीच्या दुकानात गिऱ्हाईक ‘मला एवढा हलका गिअर काय करायचा?’ असे म्हणते तेव्हा तेच बोलत असतात.

आम्ही स्वतः हेच म्हणालो होतो. तरुणपणी काळ्या सायकलीवर टोकावड्यापर्यंत उतरलो, आणि परतीच्या वाटेवर निम्म्या घाटात बसकण मारली ती टोमॅटोची क्रेट खाली करून नारायणगावकडे परतणाऱ्या एका टेम्पोत. ड्रायव्हरने पैसे घेतले नाहीत, याचेच जास्त वाईट वाटले. पुढे बऱ्याच वर्षांनी उत्साहाच्या भरात एक महागडी, शर्यतीच्या थाटाची सायकल घेतली. पुढची लहान चकती ३४ ची, मागचे मोठे चक्र २८ चे. दुकानदार म्हणाला, घाटाला हे भरपूर आहे. ज्याच्या गुडघ्यांना सत्तावन्न वर्षे झाली आहेत त्याला ते भरपूर नव्हते. एका हिवाळ्यात डावा गुडघा वाटीखाली दुखू लागला आणि सायकल विकायची, असे घरात ठरले. आमच्या ओळखीच्या कित्येकांचा सायकलीशी संबंध याच पायरीवर तुटला आहे. डॉक्टर म्हणाले विश्रांती घ्या. विश्रांतीने दुखणे गेले. परंतु पुन्हा सायकलीवर बसण्याचे धैर्य येत नव्हते. ते आले एका मिस्त्रीमुळे. त्याने सायकल उलटी करून मागचे चक्र मोजले आणि विचारले, “काका, पैलवानकी करायची का फिरायचंय?” आम्ही म्हणालो, फिरायचे आहे. त्याने मागे ३४ चे चक्र बसवले.

२८ चे ३४ केल्याने पायावरचा जोर शेकडा साडेसतराच्या आसपास कमी होतो. याची तुलना दुसऱ्या एका खर्चाशी करा. सायकलीचे वजन एका किलोने कमी करण्यासाठी लोक बराच पैसा मोजतात. ८५ किलोंतला एक किलो म्हणजे शेकडा सव्वा. हा हिशेब दुकानात कोणी सांगत नाही, आणि तो सांगण्यात दुकानदाराचा काही फायदाही नाही. गंमत अशी, की बऱ्याच स्वस्त, जाड टायरच्या, तीन चकत्यांच्या सायकलींवर पुढे २४ किंवा २८ ची लहान चकती आणि मागे ३४ चे चक्र आधीपासूनच असते. घाटाला निघालेल्या माणसाला हवे ते स्वस्तात मिळते आणि महागात मिळत नाही, असा हा उफराटा बाजार आहे.

बदल करायचा तर काय पाहावे, तेही थोडक्यात सांगू. एकाच चक्राची काळी सायकल असेल तर मागचे फ्रीव्हील मोठे बसवता येते. १८ चे २२ केले तर जोर शेकडा अठराने घटतो, सपाटीचा वेगही तेवढाच घटतो, आणि चेनला एक-दोन कड्या वाढवाव्या लागतात. घाट त्याने सुसह्य होतो, सोपा होत नाही. गिअरची सायकल असेल तर मागे चेन सरकवणारा जो लोंबता हात असतो तो किती मोठ्या चक्रापर्यंत पोहोचतो याला मर्यादा असते. आखूड हाताला ३४ चे चक्र बहुधा झेपत नाही, लांब हाताला झेपते. नवे चक्र बसवले आणि चेन जुनीच आखूड ठेवली, तर मोठ्या चकतीवरून मोठ्या चक्रावर जाताच चेन ताणून सगळेच मोडते. म्हणून चेन दोन्ही मोठ्यांवरून गुंडाळून पाहावी आणि वर दोन कड्या सोडून तोडावी, हा मिस्त्री लोकांचा नेम. पुढची चकती लहान करायची तर ती ज्या खिळ्यांवर बसते त्यांच्या वर्तुळाचा व्यास मोजावा. ११० मिलिमीटरच्या वर्तुळावर नेहमीच्या मापांत ३४ च्या खाली फारसे जाता येत नाही. त्याहून लहान हवी असेल तर सगळा क्रँकच बदलावा लागतो, आणि मग खर्चाचा विचार करावा.

गिअर असून तो वेळेवर न घातल्याने फसणारे पुष्कळ. चढाचा तीव्र तुकडा दिसताच, पायावर जोर येण्यापूर्वी गिअर बदलावा, आणि बदलताना क्षणभर पाय हलका सोडावा. जोरात असताना ओढलेली चेन करकरते, घसरते, कधी तुटते. घाटातल्या तीव्र वळणाचेही एक रहस्य आहे. वळणाच्या आतल्या कडेला अंतर कमी आणि चढाई तेवढीच, म्हणून आतली कड नेहमी जास्त उभी असते. आपण डावीकडून चालतो. तेव्हा डाव्या वळणावर आपण आतल्या, उभ्या कडेला असतो आणि उजव्या वळणावर बाहेरच्या, सौम्य कडेला. डावे वळण येण्यापूर्वी एक गिअर उतरवावा, उजव्या वळणावर श्वास घ्यावा. बोगद्यात आणि धुक्यात मागचा दिवा लावावा. पावसाळ्यात माळशेजला दरड येते, त्या दिवसांत गिअरचा प्रश्नच नाही, घरी राहावे.

आणि सीट. आपल्याकडे बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत अशा उंचीवर सीट ठेवण्याची खोड आहे. बाजारात थांबत, उतरत जाणाऱ्याला ते सोयीचे. परंतु त्यामुळे पायडल वर येते तेव्हा गुडघा फार दुमडतो, आणि दुमडलेल्या गुडघ्यावर जोर दिला की वाटीखाली दाब वाढतो. टाच पायडलवर ठेवली असता, पायडल तळाशी असताना, पाय जवळजवळ सरळ व्हावा, इतकी सीट वर घ्यावी. आमच्या गुडघ्याच्या दुखण्यात निम्मा वाटा २८ च्या चक्राचा होता आणि निम्मा सीटचा, असे आम्हांला आता वाटते.

ज्यांना हे सगळे म्हातारपणाचे लाड वाटत असतील त्यांनी नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंकडे पाहावे. २०१५ साली त्यांनी दोघांच्या चमूने अमेरिकेचा पश्चिम किनारा ते पूर्व किनारा अशी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पुरी केली. तिच्या वाटेवर रॉकी पर्वतातली तीन हजार मीटरहून उंच खिंड लागते. २०१७ साली नाशिकचेच लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने पुरी केली. इतक्या लांब पल्ल्याला पहिल्या दिवशीचा जोर कोणी विचारीत नाही. शेवटच्या दिवशी पाय फिरत आहेत की नाही एवढेच पाहतात. पायांना फिरते ठेवण्याचे साधन या मंडळींच्याही सायकलीला तेच, दातांचे.

घरी गेल्यावर एक प्रयोग करून पाहा. अंगणात खडूची रेघ ओढा. एक पायडल अगदी खाली घ्या, पुढचे चाक रेघेवर ठेवा, सर्वांत हलक्या गिअरमध्ये सायकल हाताने मागे ढकलत नेऊन ते पायडल पुन्हा अगदी खाली येऊ द्या, आणि चाक जिथे थांबले तिथे दुसरी रेघ ओढा. दोन रेघांतले अंतर टेपाने मोजा. दीड ते पावणेदोन मीटर आले तर माळशेजला खुशाल जा. दोन मीटरच्या पुढे आले आणि वय चाळिशीच्या पुढे असेल तर मिस्त्रीकडे जा. साडेपाच मीटर आले तर सायकल उत्तम आहे, तिच्यावरून ओझरला दर्शनाला जाऊन या. मात्र मोजण्यापूर्वी चाकांत हवा पुरती भरून घ्यावी, नाहीतर माप दोनचार सेंटिमीटर कमी भरते आणि माणूस उगीच खूष होतो.